नाक असलेली गळती

ठाणे, २२ जुलै १९५४

चि. सौ. सुमतीस सरोजताईचे आशीर्वाद आणि आनंदरावांस नमस्कार. नागपूरचा उकाडा उतरला का, त्यांच्या दम्याला तिथली हवा मानवते का, ते सविस्तर कळव. मागच्या पत्रात तू तीन पानं नव्या पडद्यांवर खर्च केलीस आणि नवऱ्याचा दमा समासात टाकलास. माझे गुडघे मी निवृत्त झाल्यापासून माझ्याहून जास्त बोलतात, बाकी मी ठणठणीत. बदलीच्या वेळी तुम्ही माझ्या माळ्यावर ठेवलेली ट्रंक सुखरूप आहे. (ट्रंकेबद्दल सध्या इतकंच.)

आता मुख्य बातमी. मी जिंकले. कोणाशी, हे तुला सांगायला नकोच. आमच्या खालच्या मजल्यावरचे गोपीनाथराव प्रधान, कस्टममधून निवृत्त झालेले आणि तेव्हापासून सर्वज्ञ. लढाईतले जुने लोखंडी टोप जमवावेत ते आपणच, अशी त्यांची समजूत. मी लष्करी इस्पितळात मेट्रन असताना एका सुभेदारानं बरा होऊन जाताना आपला टोप मला दिला, तेव्हापासून माझ्याकडे नऊ झाले. एक कळव्याच्या गोठ्यात म्हशीला पेंड घालायच्या कामी होता. दुसऱ्यात कल्याणच्या एका भंगारवाल्याची कोंबडी अंड्यांवर बसली होती (पिल्लं निघेपर्यंत मी तीन आठवडे थांबले, बाळंतिणीला उठवायची माझी सवय नाही). या संग्रहाबद्दल गोपीनाथराव वाचनालयात चारचौघांत काय म्हणाले? "मेट्रनबाईंची घमेली पाहिलीत का?" घमेली! आणि हे कोण म्हणतं, तर ज्यांनी आगीच्या बंबवाल्याची पितळी टोपी सहा महिने रोमन म्हणून काचेच्या कपाटात ठेवली होती ते.

त्या दिवसापासून मी संधी शोधत होते. ती मला आमच्या भांडीवाल्या सगुणेनं दिली. माझं टोपांचं पुस्तक उघडं होतं, केर काढता काढता ती वाकून म्हणाली, "बाई, आमच्या खडवलीच्या देवलातल्या गळतीला पन असंच नाक हाय." गळती म्हणजे पिंडीवर थेंब थेंब पाणी सोडणारं टांगतं भांडं. त्याला नाक कशाला असेल? नाक असतं जुन्या टोपाला. कपाळापासून खाली येणारी सरकती पट्टी, चेहऱ्यावर वार बसू नये म्हणून. मी चहा तसाच ठेवून गाड्यांचं वेळापत्रक शोधायला लागले. (सगुणा गोपीनाथरावांकडेही भांडी घासते, हे मला पाचच मिनिटांनी आठवलं. तोवर ती जिना उतरली होती.)

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी खडवलीत. नदीकाठी छोटंसं देऊळ, आणि पिंडीवर तीन साखळ्यांनी उलटा टांगलेला तो! जिथे तुरा खोवायचा त्या भोकातून पाणी ठिबकत होतं. काठाला बारीक भोकांची रांग. मानेवर रुळणारी कड्यांची जाळी अडकवायला ती असतात. मी मोजली, चव्वेचाळीस भरली. देवळाची व्यवस्था ठमाबाई या गुरवाच्या विधवेकडे. ती दर सोमवारी तो चिंच आणि राखेनं खसाखसा घासते, असं तिनं मला अभिमानानं सांगितलं. घासणं आणि सोलणं यांतला फरक कॉन्व्हेंटच्या सिस्टर अ‍ॅग्नेसनी आम्हाला पितळी समया पुसायला लावून शिकवला होता. ठमाबाई त्यांच्या हाती सापडायला हवी होती.

वर तेल-काजळीचे इतके थर होते की धातू कळेना. म्हणून मी पर्समधलं लोहचुंबक काढून टेकवलं. ते असं बसलं की ओढून निघेना. ठमाबाईनं किंकाळी फोडली. "धावा रं! देवानं बाईचा हात धरला!" घटकाभरात गाव गोळा झालं, नारळ फुटले, माझ्या कपाळाला बोटभर कुंकू लागलं. हात धरणारी गळती कोण कोणाला देईल? माझ्या टोपावर मीच पाणी सोडलं होतं.

एवढ्यात पुढच्या गाडीनं गोपीनाथराव हजर, डोक्यावर सोला हॅट. त्यांनी वीस रुपये पुढे केले आणि म्हणाले, "आजी, हे मोडकं भांडं मला द्या." ठमाबाई उसळली. "द्येव इकाया बसलेय व्हय रं मी? तुझी टोपी केवढ्याची, ती सांग आधी!"

मला खोटं सोसत नाही, हा नन्सनी लावलेला रोग. मी म्हटलं, "ठमाबाई, चमत्कार नाही हो, हे लोखंडाला चिकटतं," आणि चुंबक तिच्या कोयत्याला लावलं. चिकटलं. घंटेच्या साखळीला लावलं. चिकटलं. 

"म्हंजी ह्ये लोखान हाय?"

"लोखंड."

"आन् पिंडीवरची ही तांबडी रेघ? आमी तर हिला हळदकुंकू वाहतो!"

"गंज."

ठमाबाईनं दोन्ही कानांना हात लावले. देवाच्या डोक्यावर लोखंड, तेही तिच्या आजेसासऱ्यापासून! मग तीच माझ्या मागे लागली. "उचल बाय ह्ये! पन सोमवारच्या आत तांब्याची गळती टांग. द्येव कोरडा ऱ्हायला नको. पैका नको." गोपीनाथराव म्हणाले, तांबटाकडून घडवून आणतो, आठ दिवस द्या. मी म्हणाले, उद्या आणते. आणि आणली.

त्याला पंधरा दिवस झाले. रॉकेल, कापूस आणि माझी नखं. थरांखालून चांदीच्या तारेची वेल निघाली, पानं, कळ्या, सगळं. चिंचेनं अर्धी खाल्ली, पण अर्धी जिवंत आहे. वर मधाच्या पोळ्याच्या मेणाचा हात दिला. काल गोपीनाथराव भिंग घेऊन वर आले, तासभर पाहत बसले, आणि शेवटी खालच्या आवाजात म्हणाले, "मेट्रनबाई, कापूस कोणता वापरता?" सुमे, मी त्यांना पुडकं दिलं. त्यांच्याही कपाटात बिचारे टोप गंजतच असतील.

तुझी,
सरोजताई

ता. क. ट्रंक सुखरूप आहे असं मी लिहिलं, ते ट्रंकेपुरतं खरं आहे. तिच्यातली तांब्याची गळती खडवलीला आहे. आनंदराव श्रावणात इथे येऊन लघुरुद्र करणार होते ना? तो खडवलीला करावा, नदीची हवा दम्याला चांगली, असं तू त्यांच्या मनात भरवून दे. हे पत्र मी एवढ्यासाठीच लिहायला घेतलं होतं.

आणखी ता. क. भांडं टांगल्यावर तिथल्या मास्तरांनी काठावरचं कोरलेलं नाव मोठ्यानं वाचलं, तेव्हा मला कळलं की ते तुझ्या कैलासवासी सासूबाईंचं. त्यामुळे दान गोदूबाईंचं, असं गावात पक्कं झालंय, आणि ठमाबाई दर सोमवारी त्यांच्या नावानं एक बेलाचं पान जास्त वाहते. ज्या बाईनं उभ्या जन्मात मला चहाबरोबर एक बिस्कीट दिलं नाही, तिच्या नावानं! मी गावाला काही बोलले नाही. आनंदरावांना हे आधी सांग, आणि ते डोळे पुसत असतील तेव्हा गळतीचं सांग.