खाडीच्या तळाचं पाणी

६ डिसेंबर, शनिवार
परवाच्या नोंदीत लिहिलंय, 'मेंब्रेन गेली', म्हणजे खारं पाणी गोडं करणाऱ्या यंत्रातली मीठ अडवणारी जाळी. चूक. मेंब्रेन शाबूत आहे. आज यंत्रात टँकरचं पाणी घालून चालवलं, मिठाचा आकडा त्या पाण्याहूनही झटकन खाली आला. न तपासता लिहिलं, वर कंत्राटदाराच्या इंजिनिअर साहेबांनाही तसंच सांगितलं. दुपारी फोन करून दुरुस्त केलं. ते हसले. मला हसू येईना.
म्हणजे दोष खाडीतून येणाऱ्या पाण्यात. पण मी ओहोटीलाच खेचते, नदीचं गोडं पाणी उतरतं तेव्हा. म्हणून पंपाचा दाबही कमी ठेवलाय, खाऱ्याला जास्त लागतो. मग खारं येतं कुठून?

७ डिसेंबर, रविवार
चर्चमधून परतताना शेजारची फिलूआंटी प्लांटवर. "गो बाय, तुझ्या पाण्याची पेज केलंय. मीठ घालूक लागाक नाय!" बायका हसल्या. आणि कळशा घेऊन टँकरकडे गेल्या.
विहिरी दिवाळीपासूनच मचूळ. येत्या शनिवारी पाणी समिती ठरवणार, यंत्र चालू ठेवायचं की टँकरच बरा. बंद पडलं तर माझ्या हातून पडलं असं होणार.
ओहोटीची वेळ मी बाबांच्या हिशोबाने काढते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ, तिथून पुढे ओहोटी. शाळेत जायच्या आधी पडवीत बाबांनी शिकवलेलं पहिलं गणित. तेच चुकीचं निघालं तर…

९ डिसेंबर, मंगळवार
सकाळी बाबांबरोबर होडीतून पाईपच्या तोंडापाशी. ओहोटी चांगली लागलेली, म्हणजे वेळ बरोबर! बाटलीला दगड बांधून तळाला सोडली, दोरीने बूच ओढलं. वरच्या पाण्यात मीठ नावाला, तळाचं जवळजवळ समुद्राचं. मीटर धुऊन पुन्हा मोजलं. तेच. नदी वरून जाते, समुद्र खाली बसून राहतो. आमचा पाईप तळाला.
बाबांनी चाखलं, थुंकले. "इतकी वर्सा हय होडी मारतंय, ह्या माका ठावक नाय! होडी वरसून चलता गो." आणि खो खो हसले. हिशोब त्यांचा होडीसाठी, मी तो पाईपला लावला.
घरी बांगड्याचं तिखलं. दोनदा भात घेतला. बऱ्याच दिवसांनी.

१० डिसेंबर, बुधवार
साहेबांना आकडे पाठवले. "तोंड वर घ्या, हरकत नाही. पंपात हवा शिरली तर जबाबदारी तुमची." पाणी उतरून तोंड उघडं पडलं तर पंप जळेल.
बाबा म्हणतात, पाईपला जाळ्याचे बोये बांधू, पाण्याबरोबर वरखाली होईल. तोंड बोयांच्या हातभर खाली. संध्याकाळी दोघांनी अंगणात बांधून पाहिलं, गाठी त्यांच्या, मापं माझी. मजा आली. फिलूआंटी कुंपणावरून, "तरंगता काय बुडता, बघूक येतंय हां!"
उधाणाला सगळं पाणी घुसळून निघतं, तेव्हा याचा उपयोग होईल का, ठाऊक नाही. मे महिन्यात नदीच आटते, तेव्हा दाब वाढवण्यावाचून इलाज नाही. समितीला दोन्ही सांगायचं, त्यांनी विचारायची वाट न बघता.
भांगाला, म्हणजे अष्टमीच्या लहान भरती-ओहोटीला, खाडीला ओढ कमी, होडी एका जागी ठरते. शुक्रवारी, बारा तारखेला, अष्टमी. सकाळची ओहोटी लागली की पाईप उचलायचा.