खुर्चीच्या मागचा माणूस

जहाज ‘लेडी रोवेना’,
साउथॅम्प्टन बंदर (अजून धक्क्याला बांधलेलंच),
शनिवार, दुपार कलताना

प्रिय ग्लेनिसताई हिला धाकट्या बहिणीचा, खुर्चीतून वाकता येईल तितकं वाकून, नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? ग्विन भावोजींचा पायाचा अंगठा पुन्हा सुजला असेल तर त्यांना म्हणावं, पोर्ट वाइन सोडा, नाहीतर निदान कण्हणं तरी सोडा. मांजराच्या पोटाचं काय झालं ते मात्र कळवू नकोस. मागच्या वेळी तू फोनवर जे वर्णन केलंस ते अजून माझ्या जेवणाच्या आड येतं. मी ठणठणीत आहे. म्हणजे कमरेच्या वर ठणठणीत आणि कमरेखाली गेली नऊ वर्षं जशी आहे तशीच. त्यात या जहाजाने अजून काही भर घातलेली नाही, पण दिवस संपायचाय.

फोन न करता पत्र कसलं लिहितेय, असं तू विचारशील. तुझ्याच अटीमुळे. ईस्टरला तुझ्या स्वयंपाकघरात ठरलं होतं ते आठव. मी या सहलीला एकटीने निघायचं, सोबतीला कोणाला न्यायचं नाही, आणि जहाजाचे दोर सुटेपर्यंत मदतीसाठी घरी फोन करायचा नाही. जमलं, तर तुझ्या घरातल्या खालच्या खोलीचा विषय कायमचा बंद. नाही जमलं, तर मी माझा समुद्रासमोरचा फ्लॅट विकायचा आणि मुकाट्याने त्या खोलीत राहायला यायचं, जिथे तू आधीच गुलाबी पडदे लावून बसली आहेस. (आणि पलंगाशेजारी घंटी! ती वाजवल्यावर धावत कोण येणार? तू? त्या गुडघ्यांवर? मग तुला उचलायला दुसरी घंटी लावावी लागेल.) पत्राबद्दल अटीत कोणी काही म्हटलं नव्हतं. वीस वर्षं नगरपालिकेच्या तक्रारीच्या खिडकीवर बसलेल्या बाईशी अटी ठरवताना शब्द जरा जपून वापरत जा.

तर सुरुवात टॅक्सीतून उतरले तिथपासूनच. माझ्या खुर्चीच्या पाठीला दोन मुठी आहेत, आणि माझं आता ठाम मत झालंय की माझ्या आयुष्यातला निम्मा त्रास पायांमुळे नाही, त्या मुठींमुळे आहे. मूठ दिसली की सभ्य माणसाचा हात आपसूक तिकडे जातो. (हाच माणूस अनोळखी बाईच्या खांद्याला हात लावताना दहादा विचार करेल.) एका हमालाने न विचारता मुठी धरल्या आणि ढकलायला लागला. आता माझी खुर्ची विजेवर चालते, एखाद्या लहान पियानोएवढी जड आहे, आणि मी बोटाने दांडी पुढे केल्याशिवाय तिची चाकं हलत नाहीत, हे तुला माहीत आहे. त्यालाही माहीत झालं असतं, पण तो मला बोलू देईल तर ना. ‘काळजीच करू नका बाईसाहेब, मी आहे ना!’ असं म्हणत तो बिटासारखा लाल होईपर्यंत ढकलत राहिला. मग त्याचा जोडीदार आला. दोघं ढकलायला लागले. तिसऱ्याने लांबूनच ‘ब्रेक लागलाय तो’ असं निदान केलं आणि माझ्या पायांशी ओणवा होऊन ब्रेक शोधायला लागला. शेवटी मी दांडी पुढे केली. खुर्ची सुळकन निघाली आणि मागचे दोघे एकमेकांच्या अंगावर पडले. ‘सुटला! सुटला ब्रेक!’ असा विजयी आवाज मला पार दारापर्यंत ऐकू येत होता.

आत तिकिटं तपासणाऱ्या काउंटरवर टिफनी नावाची मुलगी. गोड चेहरा, आवाज त्याहून गोड. तिने विचारलं, बरोबर कोण आहे? म्हटलं, कोणी नाही. म्हणजे मागून येताहेत का? म्हटलं, मागून, पुढून, कुठूनच कोणी येत नाहीये, माझ्याबरोबर मीच आहे. हे तिच्या डोक्यात मावेना. तिची नजर माझ्या डोक्यावरून पलीकडे गेली. तिथे एक गृहस्थ उभे होते. उंच, वाळके, डोक्यावर चौकटीची टोपी, काखेत बिस्किटांचा पत्र्याचा डबा. रांगेत माझ्यामागे उभं राहणं एवढाच त्यांचा गुन्हा.

‘ह्यांना दोन पावलं चालता येतं का हो?’ टिफनीने त्यांना विचारलं.

‘मला... म्हणजे... त्यांनाच विचारा की.’

‘अगं बाई, दमला असाल ना तुम्ही! किती वर्षं करताय हे?’

‘काय करतोय?’

‘हेच. ह्यांचं सगळं.’

गृहस्थ खुलासा करायला पुढे झाले. तेवढ्यात तिने काउंटरवरून हात लांब करून त्यांच्या गळ्यात एक पिवळी फीत घातली. तिच्यावर ठळक अक्षरांत ‘सोबती’. मी म्हटलं, अहो, मी यांना ओळखत नाही. त्यावर टिफनी त्यांच्याकडे बघून समजुतीचं हसली. तिच्या आजीलाही म्हणे अधूनमधून माणसं आठवत नाहीत. (ताई, मी बावन्न वर्षांची आहे. केसांना रंग लावायला हवा होता, असं तू म्हणाली होतीस. हा एक मुद्दा तुझा.)

गृहस्थांचं नाव एल्विन प्रॉसर. बस चालवायचे, आता निवृत्त. आपल्याच बाजूच्या, वेल्समधल्या एका गावचे निघाले. (आपल्याकडचा माणूस जगात कुठेही भेटतो, आणि नको तेव्हाच भेटतो.) त्यांनी दोनदा फीत काढून खिशात घातली, आणि दोन्ही वेळा कोणा ना कोणा भल्या माणसाने ‘अहो, पडली बघा तुमची’ म्हणून ती पुन्हा त्यांच्या गळ्यात घातली.

मग आम्हाला खुर्च्यांच्या कोपऱ्यात नेलं. दोर बांधून तो कोपरा वेगळा केला होता आणि चाकवाल्या सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून ओळीने लावलं होतं, जशा रात्री डेपोत बसगाड्या लावतात. माझ्या डावीकडे बॅगशॉ नावाचे एक गुबगुबीत साहेब होते. जहाज कंपनीच्या खुर्चीत बसून, मांडीवर शाल पांघरून, ते फार आजारी दिसत होते. थोड्या वेळाने शाल बाजूला ठेवून टुणकन उठले, लांबच्या दुकानात जाऊन वर्तमानपत्र आणि सँडविच घेऊन आले, पुन्हा बसले आणि पुन्हा आजारी झाले. मला म्हणाले, ‘खुर्ची मागितली की रांग लागत नाही, कळलं का? दरवर्षी मागतो.’ मी म्हटलं, मी पण दरवर्षी मागते, फक्त मला परत द्यायला जमत नाही. ते मनापासून हसले. त्यांना वाटलं, मी त्यांच्याच पंथातली.

चहाची गाडी आली. चहावाल्या बाईने माझा कप भरला आणि अर्थातच प्रॉसरांना विचारलं, ह्यांना साखर किती?

‘दोन चमचे,’ प्रॉसर म्हणाले, ‘आणि ढवळू नका हं. तळाशी राहिलेली साखर त्यांना शेवटी चमच्याने खायची असते.’

एवढं बोलून ते आपल्या बुटांकडे बघत बसले. मी काही बोलले नाही. चहा बरा होता. मग त्यांनी काखेतला डबा उघडून तव्यावरचे केक पुढे केले. एका बाजूने करपलेले, मनुकांऐवजी संत्र्याची साल घातलेले. मी दोन खाल्ले आणि त्यावरही काही बोलले नाही.

सुरक्षा तपासणीचं सविस्तर लिहीत नाही, रक्तदाब वाढतो. खुर्चीच्या गादीखाली काय आहे, असं एकाने प्रॉसरांना विचारलं. प्रॉसरांनी टोपी काढून मला विचारलं. मी प्रॉसरांना सांगितलं, जाळी. प्रॉसरांनी त्याला सांगितलं, जाळी. माझ्या आणि त्या तपासनिसाच्या मध्ये हातभर अंतर होतं, ताई. दुभाष्याशिवाय आमचं काही होऊ शकलं नाही.

आणि मग तो चढ. भरती चालू होती. पाण्याने जहाज वर उचललं होतं आणि धक्का आपला जागच्या जागी. त्यामुळे मधला पूल घराच्या छपरासारखा उभा झालेला. खालच्या तोंडाशी पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला एक अधिकारी. त्याने चढाकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं आणि प्रॉसरांना सांगितलं की, इतक्या चढावर ह्यांना असं नेता येणार नाही, ओहोटी लागू दे. मी विचारलं, ओहोटी कधी? तो म्हणाला, जहाज गेल्यावर. सोबत्याने बरोबर चालून जबाबदारी घेतली तर गोष्ट वेगळी. एवढं म्हणून त्याने प्रॉसरांच्या फितीकडे आशेने पाहिलं.

प्रॉसर पुलाकडे बघत होते. दोन फळ्यांच्या मधून खालचं हिरवं पाणी दिसत होतं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग टोपीखालून निघाला तो गळ्यापर्यंत उतरला. ‘मी सोबती नाही हो!’ ते एकदम ओरडले. ‘मी ह्या बाईंना ओळखतसुद्धा नाही!’

सकाळपासून आम्ही दोघं हेच सांगत होतो आणि कोणी ऐकत नव्हतं. नेमकं आता ऐकलं. अधिकाऱ्याचा चेहरा बदलला. म्हणजे बाई एकट्या आहेत? मग कसं जमायचं? घरी कोणी आहे का? बहीण आहे? फारच छान, तिला लावा फोन, कोणीतरी येऊन घेऊन जाईल. आणि त्याने स्वतःचा फोन माझ्या नाकासमोर धरला. ताई, तो आकड्यांचा चौकोन बघताना मला तुझे पडदे दिसले. त्यांच्या झालरी दिसल्या. घंटी ऐकू आली. माझ्या फ्लॅटच्या खिडकीतून सकाळी भरती येताना दिसते ती कोणी तिसरंच माणूस चहा पीत बघतंय, असंही दिसलं, आणि खोटं कशाला बोलू, हात फोनपर्यंत गेला.

हात गेला आणि नजर भिंतीवर गेली. तिथे नियम चिकटवला होता. चाकाच्या खुर्चीतला प्रवासी आणि एक चालता सोबती यांनी चढावर एकत्र जावे. बस, इतकंच. कोणी कोणाला सांभाळायचं, ते लिहिलेलं नाही. (मी म्हटलं ना, शब्द जपून वापरावेत.) मी खुर्ची वळवली आणि प्रॉसरांना विचारलं, पाण्याची भीती वाटते का?

‘पाण्याची नाही,’ ते कुजबुजले. ‘फटींची.’

म्हटलं, मग या मुठी धरा. माझ्या मानेकडे बघा, खाली बघू नका, आणि मी सांगेपर्यंत सोडू नका. नऊ वर्षांत मी पहिल्यांदा कोणाला आपणहून त्या मुठी धरायला सांगितल्या. त्यांनी अशा धरल्या की अजून बोटांचे वळ असतील. मी दांडी पुढे केली. मोटर कण्हली, पण भावोजींपेक्षा कमीच, आणि आम्ही निघालो. पुढे मी, मागे डोळे घट्ट मिटून लोंबकळणारे प्रॉसर. मध्यावर ते म्हणाले, ‘आलं का?’ मी म्हटलं, ‘आलंच. गाणं येतं का एखादं? म्हणा.’ तर त्यांनी खर्जात एक प्रार्थना सुरू केली, आणि काय आवाज आहे त्या माणसाचा! वरच्या कठड्यावरून लोक टाळ्या वाजवत होते. कोणासाठी, हे सांगायला नको. ‘शाबास आजोबा, काय ताकद आहे!’ वरच्या अधिकाऱ्याने त्यांचा हात हातात घेऊन हलवला. मला म्हणाला, म्हणजे त्यांनाच म्हणाला, ‘ह्या फार नशीबवान आहेत.’

खोली चांगली आहे. दार रुंद, न्हाणीघरात वळता येतं, खिडकीही आहे. माझ्या बॅगेशेजारी प्रॉसरांची बॅग आणून ठेवली आहे आणि दोन्ही उशांवर एकेक चॉकलेट आहे, पण त्या भांडणाला उद्या हात घालीन. एवढं लिहिलं आणि भोंगा वाजला. खिडकीतून बघतेय. दोर सुटले. धक्का मागे सरकतोय, म्हणजे आम्ही पुढे. मी कोणालाही फोन केलेला नाही.

भावोजींना नमस्कार, मांजराला नाही. लोभ आहेच, तो थोडा अंतरावरून असू दे.

तुझी (आणि स्वतःच्या फ्लॅटची),
नेरिस

ता. क. पैज जिंकले. खालची खोली भाड्याने दे आणि घंटी भावोजींना दे.

ता. क. आणखी एक. मी चहा ढवळू देत नाही, हे जगात दोघींनाच ठाऊक आहे, त्यातली एक मी. आणि संत्र्याची साल घालून केक एकाच बाजूने करपवणारी बाई वेल्समध्ये दुसरी नाही. मी काही बोलले नाही म्हणून मला कळलं नाही, असं तुला वाटलं असेल, तर तू मला ओळखत नाहीस. मिस्टर प्रॉसर भावोजींच्या गायनमंडळात खर्जात गातात, हे त्यांनी आत्ता माझ्या खोलीत टोपी कुस्करत कबूल केलं. अट मोडली तर ती तू मोडलीस, सोबत मी नेली नाही, तू पाठवलीस. मी त्यांना बरंच काही सुनवायला तोंड उघडलं होतं. पण त्यांनी तुझी ताकीद सांगितली. ‘तिला कळता कामा नये, आणि काही झालं तरी ती परत येता कामा नये.’ मग ते गुलाबी पडदे कशाला लावलेस गं? (इथे मध्ये थोडा वेळ पेन चालत नव्हतं.)

ता. क. शेवटचं, आणि खरं काम हेच. प्रॉसर माझ्या कोचावर आडवे आहेत. जहाज धक्क्याला बांधलेलं होतं तेव्हापासूनच त्यांना बोट लागली आहे. त्यांची स्वतःची खोली खालच्या मजल्यावर आहे, तिला खिडकी नाही, तिथे ते जायला तयार नाहीत. मी त्यांच्या कपाळावर ओला रुमाल ठेवलाय आणि बादली खुर्चीच्या पाय ठेवायच्या फळीवर ठेवून आणून दिली आहे. आत्ताच खोलीचा नोकर चहा घेऊन आला. त्यांच्या डोक्यावरून माझ्याकडे बघून विचारत होता, साहेबांना साखर किती? साहेबांना बोलवत नाहीये. तेव्हा भावोजींना विचारून जहाजाच्या पहिल्या थांब्यावर, लिस्बनच्या पत्त्यावर ताबडतोब कळव. तोवर मी दोन चमचे घालते आहे, आणि ढवळू देत नाही.