विल्फच्या वाटचं पुडिंग

१० डिसेंबर
आलो एकदाचा! इथे दक्षिणेत ऐन उन्हाळा, ह्यूऑन नदीकाठची डल्सीआजीची बाग चेरींनी लालेलाल झालीय. डल्सीआजी म्हणजे माझ्या आजोबांची बहीण. आल्या आल्या तिने सुनावलं की कॉलेज सोडलंस ते सोडलंस, आता निदान फळ देठासकट तोडायला शीक. शिकतो की! होबार्ट इथून जवळ, म्हणजे मार्नीही जवळ. या नाताळात तिला मागणी घालणार. घालणारच.

१३ डिसेंबर
व्हरांड्याच्या तुळईला फडक्यात बांधलेली दोन पुडिंगं टांगलीत. एक आपलं, दुसरं विल्फचं. त्याला बोट लावलंस तर बोट तोडीन, ही आजीची तंबी. कोण विल्फ म्हटलं, तर तिने जुनं पत्र पुढ्यात टाकलं. बेचाळीसच्या नाताळात न्यू गिनीच्या आघाडीवरून त्याने धाकट्या भावाला, आर्चीला, लिहिलेलं. आर्ची म्हणजे माझे पणजोबा! ‘नेलने पाठवलेल्या पुडिंगमधली अंगठी माझ्याच घासात आली, म्हणजे लग्न ठरलं. सोबत धाडतोय, तिच्या बोटात घाल. माझ्या वाटचं राखून ठेव, लेका. मी येतोय.’

विल्फ आलाच नाही. आर्चीने नेलशी स्वतःच लग्न लावलं. नेलने ती अंगठी कधी घातली नाही. दर नाताळात ती विल्फच्या पुडिंगमध्ये घालायची. सण सरला की काढून ठेवायची आणि पुडिंग बागेत पुरायची. तिच्यामागे तिची लेक, आमची आजी, तेच करते.

छान! म्हणजे आमचं अख्खं घराणं दुसऱ्याच्या वाटचं.

१७ डिसेंबर
मार्नी फोन उचलत नाही. कॉलेज कुणापायी सोडलं मी? तिला इस्पितळात नोकरी लागली तर एवढा भाव! आणि इथे सोन्याची अंगठी मेलेल्यासाठी पुडिंगात कुजतेय. डोकं सणकलं. आजी चर्चला गेल्यावर सुरी खुपसली, अंगठी काढली, फडकं पुन्हा बांधलं. तसाच होबार्टला गेलो. मार्नी हसली, येडाच आहेस म्हणाली. पण घातली!

२१ डिसेंबर
व्हरांड्यात बुटांचा ओला, तांबडा चिखल. पाऊस नाही, असली माती या मुलखात नाही, तरी आजी माझ्यावरच खेकसली. मार्नीचा आपणहून फोन आला. पत्र फार आवडलं म्हणाली, अक्षर कसलं सुरेख, जुन्या माणसांसारखं. मी पत्र लिहिलेलंच नाही! कुणाचं पत्र, म्हणून ओरडलो. तिने फोन आपटला.

२३ डिसेंबर
अंगठी काढ म्हटलं. निघत नाही म्हणाली. काढायचीही नाही. — आजीला सगळं सांगून टाकलं. शिव्या देईल वाटलं, पण तिने आधी विल्फचं पुडिंग चाचपून पाहिलं. म्हणाली, माझ्या आईने ती का नाही घातली, कळलं आता, गाढवा?

२५ डिसेंबर, दुपार
मार्नी आली. माझ्याकडे बघेना. रिकाम्या खुर्चीला विल्फचं पुडिंग भरवत होती — चमचा रिकामा होऊन यायचा — मी मनगट धरलं तर म्हणाली, सोड आर्ची, या वेळी नाही —

आजीने मला शेडमध्ये कोंडलंय. तो तिला नेईल, तुला तरी वाचवू दे, म्हणे. फटीतून दिसतंय — मार्नी नदीत उतरली — एकटीच — पाणी कमरेला — आजी काठाकडे धावतेय, हाका मारतेय —

आणि इथे कडी वाजली. आजी तर तिकडे — मग दार कोण उघ