मंगेशच्या मशीनमधलं बिऱ्हाड

३ नोव्हेंबर
पोचले बाई एकदाची विजयदुर्गाला! बर्फाच्या कारखान्यात नोकरी, वरच राहायला खोली, खिडकीतून खाडी दिसते. रविवारी माई कोल्हापूरहून नातीला, माझ्या इशिताला, घेऊन येणार. सहा वर्षांची आहे, तिच्याशिवाय मला मुळीच करमत नाही. फोरमन दत्तारामकाकांनी विचारलं, तुजा चेडू खंय आसा? चेडू म्हणजे मुलगी, हे आज कळलं.

४ नोव्हेंबर
इथला तापमान नोंदवणारा कॉम्प्युटर अजून डॉस नावाच्या जुनाट प्रणालीवर चालतो. मंगेश नावाच्या माणसाने तो तेवीस वर्षं सांभाळला आणि त्याच खुर्चीत गेला. मालकांना आकडे मोबाइलवर हवेत, पण जुनं पुसायचं नाही. म्हणून मी डॉसच्या आतूनच लिनक्स नावाची दुसरी, नवी प्रणाली उठवली, चिमुकलीच. खाली डॉस चालूच, आपल्या पोटात कोण शिरलंय याचा त्याला पत्ताही नाही! काका म्हणाले, आधी नारळ ठेवून गाऱ्हाणं घाल, मंगेशला विचार, मग बिऱ्हाड कर. मी हसले. मशीनला कसली परवानगी मागायची?

५ नोव्हेंबर
लिनक्समध्ये आत कोण कोण आहे, ती वापरणाऱ्यांची यादी पाहिली. मी, आणि मंगेश. हे नाव मी घातलेलं नाही. काढलं, तर परत आलं. दुपारचा एक तास कुठे गेला ते आठवत नाही.

६ नोव्हेंबर
चहा ढवळत होते, डाव्या हाताने. मी सगळं उजव्या हाताने करते. काकांचा चेहरा पडला. मंगेश डावखुरा होता म्हणाले.

७ नोव्हेंबर
नारळ ठेवला, हात जोडले, चुकले म्हटलं. लिनक्स बंद केलं. काळ्या पडद्यावर एकच ओळ उमटली :
‘तू माका इचारलंस? मगे मी तुका कित्याक इचारू?’ कित्याक म्हणजे कशाला, हे कुणी सांगावं लागलं नाही.
भीती वाटते. फार भीती वाटते.

८ नोव्हेंबर
माईला कळवायला मोबाइल घेतला, येऊ नका म्हणून. निरोप आधीच गेलेला — ‘लवकर निघा.’ मी नाही लिहिलं ते. पुन्हा ‘येऊ नका’ लिहिते, बोटं ‘या’ लिहितात. काकांना सांगायला गेले, तोंडून शब्दच —

९ नोव्हेंबर
फोंडाघाट उतरलो म्हणून माईचा फोन. मी बरं म्हणाले. ते मी नाही म्हणाले —
दाराला आतून कुलूप घातलंय. किल्ली खाडीत टाकली. नाही, हातातच आहे. डाव्या.
जिन्यावर इशूची हाक. आई, आई करते आहे. इशू, वर येऊ न —
येवंदे. चेडवाक येवंदे. मी हंय आसंय.