दुसऱ्या बाजूचे पहिले गाणे

मी, चंद्रप्रभा दामोदर तांबवेकर, वय वर्षे चौऱ्याहत्तर, केंद्र सरकारच्या सेवेतून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त, राहणार मयूर विहार, दिल्ली, हे मृत्युपत्र राजीखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणणारा माणूस आमच्या घरात अजून जन्मायचा आहे. नशापाणी म्हणाल तर आल्याचा एक चहा झाला आहे, दुसरा व्हायचा आहे. माझे डोके ठिकाणावर आहे याची खात्री आमच्याच सोसायटीतल्या डॉ. कल्पना मेहरोत्रा यांनी करून घेतली. त्यांनी आजचा वार विचारला. तो मी सांगितला आणि वर माझे गाणे अंतऱ्यांसकट म्हणून दाखवले. त्यांना मराठी कळत नाही, पण त्यांनी 'बिल्कुल ठीक' असे प्रमाणपत्र दिले आहे, ते सोबत जोडले आहे.

यापूर्वीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात घर, पैसे, दागिने सगळे होते, गाणे नव्हते. ते घालावे लागेल असे मला तेव्हा वाटले नव्हते.

१. मयूर विहारचा फ्लॅट माझ्या पगारातून घेतलेला व माझ्या एकटीच्या नावावर आहे. तो माझ्या पश्चात माझा मुलगा नचिकेत याला मिळावा. तो गुरुग्रामला एकोणिसाव्या मजल्यावर राहतो आणि आमच्या जिन्याला नाके मुरडतो, तेव्हा तो फ्लॅट विकणार हे मला ठाऊक आहे. विकावा. फक्त गच्चीतल्या कुंडीतला कढीपत्ता वरच्या मजल्यावरच्या अलका खुराना यांना द्यावा, कारण त्या रोज न विचारता तोडतातच.

२. बँकेतील व पोस्टातील रक्कम नचिकेत आणि त्याची मुलगी अक्षया यांनी निम्मी निम्मी घ्यावी. दागिने सगळे अक्षयाचे. मोहनमाळ मोडून तिला दुसरे काही घडवायचे असेल तर खुशाल घडवावे, मी वर बसून हिशेब मागणार नाही.

३. माझी धाकटी नणंद चेतना हिला माझा पितळी सोऱ्या द्यावा. माझे गाणे पहिल्यांदा झाले त्या संध्याकाळी सगळे सभागृह टाळ्या वाजवत असताना ही माझ्या कानाशी येऊन म्हणाली, वहिनी, गाणं ठीक झालं, पण चकल्या मऊ पडल्या. आता तिने स्वतः करून पाहाव्यात.

४. भगिनी मंडळाची हार्मोनियम इतकी वर्षे माझ्याकडे आहे. ती पहाडगंजच्या मराठी शाळेला द्यावी. भाता नवा बसवून घेतला आहे. तिच्यावर इस्त्रीच्या कपड्यांचे गठ्ठे ठेवू नयेत.

५. आता मुख्य मिळकत, म्हणजे माझे गाणे.

लग्न होऊन मी कराडहून दिल्लीला आले, स्पर्धा परीक्षा देऊन नोकरीला लागले, आणि सरोजिनी नगरचे सरकारी क्वार्टर मिळाले ते माझ्या नावावर. माझे पती कै. दामोदर, सगळ्यांचे दामू, पाळीची नोकरी करत आणि उशिरा घरी येत. वीज हमखास गेलेली असे. दारासमोरच्या भिंतीत दिवा ठेवायला जागा नव्हती, म्हणून मी गवंडी बोलावून भिंतीत कोनाडा पाडून घेतला. सरकारी भिंतीत खड्डा का केला, अशी विचारणा आली. मी उत्तर पाठवले की तो खड्डा नसून कोनाडा आहे. चौकशीला आलेला बाबू म्हणाला, "मॅडम, ये कोनाडा क्या होता है?" मी त्याला आत नेऊन दाखवला. त्याने थोडा वेळ पाहिले, चहा घेतला आणि गेला. त्याच कोनाड्यावर मी गाणे केले: 'कोनाड्यात ठेवला दिवा, उशिरा येणाऱ्याला घर दिसू दे'. गणेशोत्सवात पहाडगंजच्या शाळेच्या सभागृहात मी ते म्हटले. हार्मोनियमवर दामूंचे ऑफिसातले मित्र उल्हास खासनीस होते. दामूंनी पहिल्या रांगेत बसून, टेपरेकॉर्डरचा माइक हातात उंच धरून ते टेप केले. कॅसेटच्या नकला सरोजिनी नगरात घरोघरी गेल्या. पुढे माणसांच्या बदल्या झाल्या, क्वार्टर्सही पाडली गेली, आणि मी स्वतः ते गाणे गुणगुणायची थांबले.

गेल्या हिवाळ्यात अक्षया एक तबकडी आणि ती वाजवायचे यंत्र घेऊन माझ्याकडे राहायला आली. 'आऊटर रिंग' हा तिचा लाडका बँड. दिल्लीतच वाढलेली ही मराठी मुले. त्यांनी स्वतःची गाणी न घेता, ज्या जुन्या गाण्यांवर ती वाढली ती निवडून एक संग्रह काढला आहे. नाव 'आमच्या आधी'. मी मेथी निवडत बसले होते. पहिली बाजू संपली, तिने तबकडी उलटली, आणि मला खोकला ऐकू आला. तो खोकला मी चाळीस माणसांत ओळखला असता. माइक धरलेला हात अवघडला की हे असेच खोकत. त्याच्या मागोमाग हार्मोनियम, आणि मग मी. मी अक्षयाला म्हटले, ही मी आहे. तिला वाटले, आजीला काहीतरी होतंय. मी तबकडीच्या सोबत पुढचा अंतरा म्हणायला लागले तेव्हा ती रडायला लागली. मी रडले नाही. मला अभिमान वाटत होता, आणि तो मला पुरेपूर वाटून घ्यायचा होता. अहो, देशातल्या इतक्या गाण्यांतून निवडून त्यांनी माझे गाणे घेतले, आणि तेही दुसऱ्या बाजूचे पहिले!

मग मी वेष्टन वाचले. गाण्याचे नाव 'कॅनडा'. गायिका अज्ञात. शब्द आणि चाल: पारंपरिक.

पारंपरिक! मी धडधडीत जिवंत असताना, पेन्शन घेत असताना, मला पारंपरिक केले.

६. अक्षयाने बँडला कळवले आणि त्यांची गायिका वैभवी दोन दिवसांत माझ्या घरी आली. तिच्या आईचे लहानपण सरोजिनी नगरातले. घरातली कॅसेट, तीवरचे नाव पुसलेले. पोरीने कोनाडा हा शब्द जन्मात ऐकला नव्हता आणि कॅनडा मात्र रोज ऐकते. तिचा भाऊच तिकडे आहे. म्हणजे शेल्फ का आजी, असे तिने विचारले. पाहिजे तेव्हा दाखवायला या शहरात एक कोनाडा सापडेल तर शपथ. शेवटी मी पोळ्यांच्या कणकेचा गोळा घेतला, त्यात अंगठ्याने खळगा केला आणि म्हटले, हा बघ, इथे दिवा. ती ओशाळली. मला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती आणि ती मी आडपडदा न ठेवता विचारली: तुम्ही गाणे निवडले ते कॅनडामुळे की माझ्यामुळे?

ती म्हणाली, "शब्द आम्हाला नंतर ऐकू आले, आजी. आधी तुमचा आवाज आला."

या उत्तराबद्दल तिला माझी निळी पैठणी द्यावी. ती जीन्सवर नेसणार नसेल तर.

७. नुसता शब्द चुकला असता तर मी हसून सोडून दिले असते. पण त्या 'पारंपरिक'मुळे पुढचे रामायण झाले. नचिकेतच्या ऑफिसाशेजारी परदेशी जाण्याचे व्हिसा करून देणारी एक कंपनी आहे. तिला हे गाणे जाहिरातीला हवे आहे. नचिकेत मला खुशखबर म्हणून सांगायला आला: आई, यार, तुझा आवाज मेट्रोत वाजेल. मी विचारले, माझी परवानगी? तो म्हणाला, लोकगीताला कसली परवानगी, त्याला मालक नसतो. पोटच्या पोराने मला हे सांगितले. ज्याला घरी परत यायला वाट दिसावी म्हणून मी दिवा ठेवला, ते गाणे घर सोडून जायची तिकिटे विकायला लावणार! माझ्या जिवात जीव असेतो नाही, आणि नंतरही नाही, म्हणून हे मृत्युपत्र.

वैभवीने उपाय सांगितला. नवी आवृत्ती निघतेच आहे, नावे बदलता येतील. पण शब्द कोणाचे आणि चाल कोणाची हे दोन्ही माणसांनी एका कागदावर सही करून द्यायला हवे. एक सही जरी नसली तरी चाल 'पारंपरिक' राहणार आणि कंपनीला रान मोकळे.

दुसरे माणूस म्हणजे उल्हास भावजी.

आमचे भांडण त्याच सभागृहातले आहे. निवेदकाने 'चाल उल्हास खासनीस यांची' असे जाहीर केले आणि मी माइक ओढून सांगितले की चालही माझीच आहे. बसमधून ऑफिसला जाताना मी ती गुणगुणले होते, हे खरे आहे. तेव्हापासून आमच्यात बोलणे नाही. दामूंच्या तेराव्याला ते आले, जेवले, आणि माझ्याकडे न बघता गेले.

मी ती तबकडी पुन्हा पुन्हा ऐकली. माझा आवाज सुरू होण्याआधी हार्मोनियम एकटीच सगळी चाल वाजवते. मी बसमध्ये गुणगुणले होते ते शाळेच्या प्रार्थनेसारखे सरळ होते. तबकडीवर आहे ते वेगळे आहे. 'उशिरा' या शब्दापाशी ती चाल खाली उतरते आणि पायरी चढावी तशी 'घर'वर येते. ते मला सुचले नसते. ही कबुली समजू नये. सगळे कागद पाहून मी दिलेला हा निकाल आहे.

म्हणून मी मसुद्यात लिहिले की गाण्याची चाल उल्हास खासनीस यांना देत आहे, आणि अक्षयाकडून गाझियाबादला फोन करवून त्यांना सहीला बोलावले. ते आले. काठी टेकत, पण कडक इस्त्रीत. मसुदा वाचून त्यांनी चष्मा काढला आणि इतक्या वर्षांनी माझ्याशी पहिले वाक्य बोलले: "देता कसली, वहिनी? ती माझीच आहे."

वकील विनया सारंग समोर बसल्या होत्या. त्यांनी आणखी एक अडचण काढली. मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही न केलेली बरी. म्हणजे भावजींना चाल दिली तर त्यांची सही या कागदावर घेणे ठीक नाही, आणि मला ती याच कागदावर हवी होती. विनयाबाई म्हणाल्या, काकू, दोन वेगळे कागद करू या. मी म्हटले, थांबा. तीस-बत्तीस वर्षे मी दुसऱ्यांचे मसुदे दुरुस्त करून जेवले आहे.

मी 'यांना देत आहे' हे शब्द खोडले आणि 'यांची आहे' असे लिहिले. जे माझे नाही ते मी कोणाला देऊ शकत नाही. जे त्यांचेच आहे ते त्यांना माझ्याकडून मिळत नाही. म्हणून उल्हास खासनीस यांना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही, आणि ते साक्षीदार म्हणून सही करू शकतात. विनयाबाईंनी दोनदा वाचले आणि हसल्या.

८. गाण्याचे शब्द व माझा आवाज यांवरचा सर्व हक्क अक्षयाला मिळावा. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे कामही तिचेच. नचिकेतने रुसू नये, त्याला घर मिळाले आहे. व्हिसा, कोचिंग क्लास, फ्लॅट किंवा गुटखा विकण्यासाठी हे गाणे कोणालाही देऊ नये. गणपतीत, लग्नात किंवा न्हाणीघरात म्हणायला कोणाची परवानगी लागणार नाही.

नव्या आवृत्तीत असे छापावे: 'कोनाडा. शब्द व आवाज: चंद्रप्रभा तांबवेकर. चाल व हार्मोनियम: उल्हास खासनीस. ध्वनिमुद्रण: दामोदर तांबवेकर.' आवाज साफ करायच्या नावाखाली खोकला काढू नये.

मात्र अलका खुराना यांना कोणी दुरुस्त करायला जाऊ नये. त्यांचा मुलगा कॅनडात, ब्रॅम्प्टनला आहे. त्या जिन्यात माझा हात धरून म्हणाल्या होत्या की ये तो मेरे बेटे का गाना है. त्यांना कॅनडा ऐकू येतो तर येऊ द्यावा. छापताना कोनाडाच.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि मला तो पसंत आहे. खाडाखोड एकाच ठिकाणी, कलम सातमध्ये आहे. तिच्या बाजूला माझी आद्याक्षरे आहेत आणि ती विचारपूर्वक केलेली आहे.

ठिकाण: मयूर विहार, दिल्ली
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५

सही: चंद्रप्रभा दामोदर तांबवेकर

आम्हा साक्षीदारांसमक्ष चंद्रप्रभाबाईंनी वर सही केली, आणि त्यांच्यासमक्ष आम्ही:

साक्षीदार १: डॉ. कल्पना मेहरोत्रा, मयूर विहार, दिल्ली. सही.

साक्षीदार २: उल्हास वासुदेव खासनीस, वसुंधरा, गाझियाबाद. सही. मजकूर वाचला. चाल माझी आहे हे बरोबर. परंतु 'घर'च्या आधी ती जी क्षणभर थांबते, ते थांबणे वहिनींचे आहे. तालमीत मी पुढे निघालो होतो, त्यांनी माझा हात धरून थांबवले होते. तेवढे त्यांच्या नावावर छापावे.