दादाकडचं धुकं

३ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझा रविवारचा फोन ठेवला आणि लगेच कागद ओढला. दादा, आजपासून आपल्यात हवापाणी बंद! ऊन किती, वारा सुटला का, यातच तू दहा मिनिटं काढतोस. दुकानाचं विचारलं की पुन्हा आभाळात चढतोस. हे विचारतात, तुझा भाऊ घड्याळजी आहे की वेधशाळेतला शिपाई? मी हसले, पण मनाला लागलं. पाठची बहीण मी. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून व्याह्यांशी बोलावं तसं बोलायचं का? दुकान कसं आहे, तब्येत कशी आहे, खरं लिही. तोवर तुझा फोन उचलणार नाही. वहिनीला नमस्कार.

रागावले तरी तुझीच,
मुंगी

१० मे

चि. सौ. मुंगीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. दुकान बरं, तब्येत ठणठणीत. दोन म्हाताऱ्या माणसांच्या घरात बातमी कुठून आणू? धुकं मात्र फार आहे, समोरच्या घराचं दार दिसत नाही. बघ, आलंच हवापाणी! जावईबापूंना सांग, शिपायाची बढती अडलीय.

माया आहेच, ती वाढव.
दादा

१८ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी कंटाळा आला. मग जपाला बसले, तर माळ पुढे सरकेना. भर मे महिन्यात धुकं? देवाची क्षमा मागून उठले आणि हिशेबाची वही काढली. तिच्या मागच्या पानांवर मी फोनवरचं बोलणंही टिपते. फेब्रुवारीपासून दर रविवारी, दादाकडे धुकं. त्याच्याच खाली वहिनीचं, कडक ऊन, कपडे तासाभरात वाळतात. एका घरात दोन ऋतू कसे रे? पुन्हा पत्र पाहिलं. तुझं मोत्यासारखं अक्षर, आणि आता ओळीवर ओळ चढलेली. तू आपल्या परीने सांगत होतास, मीच भाजी निवडत हूं हूं करत होते. चुकले.

वहिनीला फोन लावला. ती रडलीच. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, दुकान मार्चपासून बंद, ऑपरेशनची तारीख दोनदा मिळाली आणि दोन्ही वेळा तू पोट दुखतंय म्हणून निजून राहिलास. तुझी भीती मला ठाऊक आहे. बाबांचा डोळा ऑपरेशननंतरच गेला. पण तू तेव्हा काम शिकायला परगावी होतास, घरात मी होते. डॉक्टर नको म्हणत असताना बाबा तिसऱ्याच दिवशी पट्टी काढून आपल्या बेकरीच्या भट्टीसमोर जाऊन बसले. त्यांची लाज जाऊ नये म्हणून आईने मला बोलू दिलं नाही. मीही इतकी वर्षं गप्प बसले.

आता ऐक. वहिनीने एकोणतीसची तारीख घेतलीय. मी सत्तावीसला दुपारच्या गाडीने येते. पंधरा दिवस राहीन. यांना वरण-भात शिकवलाय, जगतील. पोट दुखलं तर दुखतं पोट घेऊन चल. पट्टीला हात लावलास तर हात बांधून ठेवीन, मोठेपणाचा मान नंतर देईन.

देव पाठीशी आहे, आणि मीही.
मुंगी

२२ मे

चि. सौ. मुंगीस,
अ. उ. आ.

मी सांगतोय आणि तुझी वहिनी लिहितेय. बाबांच्या भट्टीचं मला खरंच माहीत नव्हतं. तीस वर्षं त्या डॉक्टरला शिव्या घातल्या. मार्चमध्ये एका बाईंच्या घड्याळातली केसाएवढी स्प्रिंग माझ्या चिमट्यात तुटली. ती तुटलेलीही मला दिसली नाही, नुसती बोटाला कळली. शटर ओढलं ते ओढलंच. तुला कोणत्या तोंडाने सांगणार होतो?

भीती अजून आहे. तरी एकोणतीसला मी पोट धरून निजणार नाही, हे तुझ्या वहिनीसमोर कबूल केलंय. तुला घ्यायला स्टेशनवर मी स्वतः येतो, ती हात धरून आणेल. तू समोर उभी राहिलीस तरी मला कळायचं नाही. मान-मर्यादा न पाहता मोठ्याने हाक मार.

वाट पाहणारा,
दादा