आत ओढायचा श्वास

९ नोव्हेंबर, रविवार सकाळ

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद, आणि त्यातला एक रागाचा.

तू बरी असशील असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. बरी नाहीस हे मला ठाऊक आहे. मी मात्र खरंच बरी आहे. खिडकीपाशी खुर्ची टाकून बसले आहे, मांडीवर उशी, उशीवर पाट, पाटावर हा कागद. हे पंपांच्या दुकानात गेले आहेत. जाताना पाण्याचा तांब्या, गोळ्यांची डबी, फोन आणि कडक सूचना एवढं सगळं हाताशी ठेवून गेलेत.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर ऑपरेशन हा शब्द काढला की तुझ्याकडे लगेच दाराची बेल वाजते, नाहीतर दूध उतू जातं. काल तर म्हणे आवाजच तुटत होता. मला चांगला ऐकू येत होता बाई तुझा आवाज! पत्राला दूध उतू जायची सोय नाही. शिवाय मी सलग बोलले की अजून धाप लागते, आणि तू ती ऐकून म्हणतेस, "बघ ताई, तुझंच अजून धड नाही."

तर तुला ऑपरेशनची तारीख मिळाली आणि तू ती परत केलीस. मापात न बसलेली चप्पल परत करावी तशी! "पोरीची परीक्षा होऊ दे, मग बघू." डॉक्टर थांबू नका म्हणतात आणि तू त्यांना वेळापत्रक दाखवतेस. यावर मला खूप बोलायचं आहे, पण आधी इकडची खबरबात सांगते, म्हणजे तुझं डोकं जरा थंड राहील. माझंही.

छातीचं मधलं हाड अजून जुळतंय, त्यामुळे हात वर करायचा नाही, काही उचलायचं नाही. साधी वेणीसुद्धा मला घालता येत नाही. ती तुझे भावजी घालतात. पंपाला दोर बांधायची सवय असलेला माणूस, गाठ अशी मारतो की संध्याकाळी सोडवताना शेजारीण बोलवावी लागते. पण रोज घालतात हं, न चुकता, आणि वर मला आरसा दाखवून विचारतात, "घट्ट झालीय ना?"

माझं ऑपरेशन घरात सगळ्यात आधी कुणाला कळलं असेल तर यांनाच. डॉक्टर बिचारे चित्र काढून समजावत होते, ही झडप नीट मिटत नाही, रक्त मागे येतं. हे मध्येच म्हणाले, "म्हणजे फूट व्हॉल्व्ह गेलाय. पाणी उलटं उतरतंय, मोटर उगाच राबतेय." डॉक्टर हसले आणि म्हणाले, अगदी तसंच. तेव्हापासून यांची छाती अशी फुगलेली की माझ्या आधी यांनाच तपासावं.

आता आमची फजिती ऐक. ऑपरेशननंतर फुप्फुसं परत फुलावीत म्हणून श्वासाचा व्यायाम असतो. त्यासाठी प्लास्टिकचं एक यंत्र देतात. तीन नळ्या, प्रत्येकीत एक गोटी, आणि तोंडात धरायला एक लवचिक नळी. नळीतून हवा आत ओढायची. जेवढा श्वास मोठा तेवढ्या गोट्या वर. दवाखान्यात ती फिजिओथेरपीवाली मुलगी डोक्यावर उभी राहून करवून घ्यायची. एवढीशी आहे, पण आवाज असा की मी तिला पहिल्याच दिवशी हेडमास्तरीण म्हणायला लागले. तिच्यासमोर माझी एकच गोटी हलायची, तीही मेहेरबानी केल्यासारखी.

घरी आल्यावर मी नळी तोंडात धरली आणि जोरात फुंकर मारली. तीस वर्षं शाळेच्या मैदानावर शिट्टी फुंकली, तोंडात काही आलं की मी फुंकणारच. गोट्या ढिम्म. हे म्हणाले, "जॅम झालंय." झालं! यंत्र खोललं, पुसलं, जोडलं, उलटंसुलटं करून पाहिलं, आणि यांच्या लक्षात आलं की उलटं धरून फुंकलं की तिन्ही गोट्या टणाटण वर जातात. यंत्र बनवणाऱ्यांनीच उलटं बनवलं, असा निकालही देऊन मोकळे झाले. आम्ही शेजारणीला बोलावून दाखवलं. तिने टाळ्या वाजवल्या. मी रोज तिन्ही गोट्या वर पाठवत होते आणि हे रोज शाबासकी देत होते.

मग दाखवायला गेलो तर अंगात कणकण आणि खोकला. हेडमास्तरीण म्हणाली, "करून दाखवा बघू." मी ऐटीत यंत्र उलटं केलं आणि फुंकलं. ठमे, त्या पोरीने जो कपाळाला हात लावला! "मावशी, हवा आत घ्यायची होती. तुम्ही इतके दिवस बाहेर सोडत होतात?" हे हळूच माझ्या मागे सरकले. शेवटी औषधं वाढली, फुप्फुसाच्या तळाशी पाणी साचलं होतं ते उतरेपर्यंत पुन्हा दवाखान्यात मुक्काम करावा लागला. तुला मी तेव्हा "तपासणी आहे, राहावं लागतंय" असं सांगितलं होतं. ते हे होतं.

हसलीस ना? हस. आता हात दुखायला लागला, उरलेलं उद्या.

सोमवार

काल लिहिलेलं आज वाचलं. फजिती चांगली लिहिली आहे, पण अर्धीच लिहिली आहे.

मी खेळाची बाई आहे, ठमे. "श्वास घ्याऽऽ, सोडाऽऽ" असं ओरडण्यात माझा जन्म गेला. घेणं आणि सोडणं यातला फरक मला कळत नाही, हे यांना खरं वाटलं, शेजारणीला खरं वाटलं. पहिली फुंकर सवयीने मारली असेल. दुसऱ्या दिवशीपासून मला चांगलं कळत होतं. हे गोट्यांकडे बघून इतके खूश होत होते की मी मूग गिळून बसले, आणि त्यांच्या आड लपून फुंकत राहिले.

कारण आत ओढायची मला भीती वाटत होती. टाक्यांची नाही. दुखायचं, खोटं कशाला सांगू, खोकला आला की छाती उसवते की काय असं व्हायचं, पण छातीशी उशी गच्च धरून खोकलं की ते सोसवतं. मी फोनवर तुला "दात काढल्यासारखं आहे" म्हणाले ती शुद्ध थाप होती. भीती त्याची नव्हती. श्वास आत घ्यायला लागले की मध्येच अडकायचा, आणि अडकताना एक बारीक आवाज यायचा. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. तो आईचा होता.

हेडमास्तरणीने मला त्या मुक्कामात पकडलंच. तिने माझ्या बरगड्यांवर खाली दोन्ही बाजूंनी हात ठेवले आणि म्हणाली, "माझे हात बाहेर ढकला. श्वासाने." मी घेतला, तो आवाज आला, आणि मी रडायला लागले. अशी रडले की टाके राहिले हे नशीब. तिने विचारलं, दुखतंय का? मी म्हटलं, नाही, आई आठवली. आणि जे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, यांनासुद्धा नाही, ते त्या एवढ्याशा पोरीला सांगून टाकलं. ती ऐकत राहिली. हात काढले नाहीत तिने. सगळं ऐकून म्हणाली, "मग आज दोन वेळा जास्त करू." आता अशा पोरीला काय म्हणायचं, सांग! पण केलं. दुसऱ्यांदा घेताना तिचे हात थोडे बाहेर सरकले. मला दिसले.

तिला सांगितलं आणि तुला नाही, हे काही बरोबर नाही. सांगते. हे वाचताना बसून वाच, आणि वाचून झाल्याशिवाय मला फोन करू नकोस.

आई अचानक गेली असं तुला वाटतं. झोपेत गेली, त्रास झाला नाही, असं मी तुला सांगितलं आणि तू ते धरून ठेवलंस. आई अचानक गेली नाही. तिची झडप खराब होती. माझी होती तशीच, तुझी आहे तशीच. माझ्या डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला होतं का, तेव्हा तेवढंच मी त्यांना हळूच सांगितलं. म्हणून तर तुला तपासून घ्यायला लावलं. तुला मात्र म्हटलं की डॉक्टर सगळ्यांच्याच बहिणींना बोलावतात.

मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते. आईला मीच डॉक्टरांकडे नेलं होतं. ते म्हणाले, ऑपरेशन करा, लवकर करा. बाहेर बाकावर बसून आई मला म्हणाली, "ठमीची परीक्षा होऊ दे. मग बघू." मी भांडले तिच्याशी, भर दवाखान्यात. तिने माझा हात घट्ट धरला आणि सांगितलं, "तिला कळता कामा नये. ती अभ्यास टाकून माझ्या उशाशी बसेल."

बसली असतीसच तू.

आधी ती दोन उशा घेऊन झोपायची. मग तीन. मग आडवं होणंच बंद झालं, भिंतीला टेकून बसायची. तू विचारायचीस तर सांगायची, पाठ दुखते. तू तिला पाठीला तेल चोळून द्यायचीस आणि ती मुकाट्याने चोळून घ्यायची. मी तेव्हा स्वयंपाकघरात उभी राहून दात आवळायचे. तुझा शेवटचा पेपर झाला. तू धावत येऊन सगळी उत्तरं तिला सांगितलीस, तिने एकेक ऐकलं. पुढच्या आठवड्यात ती गेली. डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली होती मी.

मग तू पहिली आलीस, लोक घरी येऊन कौतुक करून गेले. त्यात मी तुला काय सांगणार होते? की हे मार्क केवढ्याला पडले? पोटात ठेवलं. तुझी यात काडीइतकीही चूक नाही. पोरगी होतीस, अभ्यास करत होतीस, आणि आईला तेच हवं होतं. तिच्यावर मी पुष्कळ वर्षं चिडले. आता नाही चिडत. तिच्या वेळी ऑपरेशन म्हणजे मरणाची तारीख, असंच लोकांना वाटायचं, तिलाही वाटलं असेल. परीक्षा हे तिने पांघरलेलं कारण होतं, असं मला हल्ली वाटतं. ती घाबरली होती गं. आपली आई घाबरली होती.

तूही घाबरली आहेस. घाबर. मी घाबरले नव्हते असं आता अजिबात सांगणार नाही. आत नेताना यांचा हात सोडवेना, परिचारिकेने बोटं एकेक करून सोडवली. पण झोपले आणि उठले, ठमे. उठल्यावर दुखलं, चिडले, रडले, गोट्या फुंकल्या, आणि आज जिना चढून गच्चीवर गेले. सपाट झोपते. एका उशीवर.

तुझ्या नवऱ्याने परवा सांगितलं की तुला हल्ली तीन उशा लागतात, आणि पोरीने विचारलं तर तू सांगतेस, पाठ दुखते. त्याच्यावर रागावू नकोस. त्याने सांगितलं आणि माझ्या हातातला कप खाली पडला. हे कप उचलायला धावले. मी त्यांच्याकडे कागद मागितला.

म्हणून हे पत्र. डॉक्टरांना आजच फोन कर आणि ती तारीख परत माग. हेडमास्तरणीला मी तुझं सांगून ठेवलं आहे. ती म्हणते, व्यायाम ऑपरेशनच्या आधीच सुरू करायचा, म्हणजे नंतर सोपं जातं. मी येते. उचलाउचली जमणार नाही, पण बसता येतं आणि ओरडता येतं, एवढं तुला पुरे. हेही येणार आहेत. तुझ्या यंत्राला त्यांनी हात लावायचा नाही, असं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं आहे.

आणि पोरीला सांग. आज संध्याकाळी, समोर बसवून, खरं काय ते. चिडेल, एखादा पेपर बिघडेल, बिघडू दे. पेपर पुन्हा देता येतो.

तुझ्यापाशी मी होते, ठमे. तुझ्या परीक्षेपायी आई थांबली, हे इतकी वर्षं तुला कळू दिलं नाही, म्हणून तू सुखाने शिकलीस, हसलीस, संसार केलास. तुझी लेक एकुलती एक आहे. उद्या तुझं काही झालं, तर तिच्यापासून हे लपवून ठेवायला कुणी ताई नाही. तिला कळेल.

उत्तर लिहू नकोस. तारीख कळव.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझी ताई